सेंट मेरीज म्हणजे कॉन्व्हेंट नव्हे

पत्र (थोडं छाटून)

ताई, सा. न. वि. वि.

आम्ही मेरीलँडमध्ये जर्मनटाउनला राहतो. मुलगी बारावीत आहे. तिला कॉलेज पार्कला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँडला, प्रवेश मिळालाय. शिवाय सेंट मेरीज कॉलेज ऑफ मेरीलँड नावाच्या एका छोट्या सरकारी कॉलेजातही मिळालाय, आणि तिथे थोडी स्कॉलरशिपही देतायत. तिला बायॉलॉजी आवडतं, इतिहासही आवडतो, नक्की काय करायचं ते तिचं ठरलेलं नाही. ऑक्टोबरात मैत्रिणीबरोबर ते कॉलेज बघून आली आणि तेव्हापासून तिने तिथलंच घेतलंय. हे म्हणतात, "लिबरल आर्ट्स करायला आपण इथवर आलो का?" सासूबाई देवगडच्या, सध्या आमच्याकडे आहेत. नाव ऐकल्यावर त्यांनी एकच विचारलं, "कॉन्व्हेंट का गो?" मंडळाच्या कार्यक्रमात कुणाला सांगितलं तर समोरचा "अच्छा, अच्छा" म्हणतो आणि विषय बदलतो. मी स्वतः मराठी घेऊन बी.ए. केलंय, त्यामुळे या विषयात मला बोलायला तोंडच नाही असं हे गमतीत म्हणतात. १ मेच्या आत कळवायचं आहे. एकदा सगळ्यांनी जाऊन बघून या असं मुलीचं म्हणणं आहे. काय करू? आणि सासूबाईंना एवढ्या लांब न्यावं का?

– लेकीची आई

उत्तर

लेकीच्या आई, नमस्कार.

तुमच्या घरात सगळ्यात नेमका प्रश्न सासूबाईंनी विचारलाय, म्हणून आधी त्यांना उत्तर देते. पुण्या-मुंबईकडे 'सेंट मेरीज' म्हटलं की गणवेशाचा फ्रॉक, दोन वेण्या आणि सिस्टरची छडी डोळ्यांसमोर येते, त्यात त्यांची काही चूक नाही. पण इथे सेंट मेरीज हे गावाचं नाव आहे. १६३४ साली 'आर्क' आणि 'डव्ह' या दोन जहाजांतून आलेले लोक त्या नदीकाठी वसले आणि पुढची साठेक वर्षं तीच मेरीलँडची राजधानी होती. मग राजधानी अ‍ॅनापोलिसला गेली, गाव ओस पडलं, आणि नावात 'सिटी' तेवढी उरली. आज सेंट मेरीज सिटीत जाऊन सिटी शोधलीत तर नदी, शेतं आणि कॉलेज एवढंच सापडेल.

ही वसाहत काढणारे लॉर्ड बाल्टिमोर कॅथलिक होते. इंग्लंडात तेव्हा कॅथलिकांची गळचेपी चाललेली. त्यामुळे इथे कुणी कुणाच्या देवाच्या आड यायचं नाही असं धोरण ठरलं आणि १६४९ मध्ये तसा कायदाही झाला. (तो ख्रिस्ती पंथांपुरताच होता, म्हणजे तुम्हाआम्हाला त्यात जागा नव्हती, पण त्या काळाच्या मानाने बरंच होतं.) दोनशे वर्षांनी, १८४० साली, त्या गोष्टीचं स्मारक म्हणून राज्याने तिथे मुलींची शाळा काढली. पुतळा उभारण्यापेक्षा हे शंभर पटींनी शहाणपणाचं. तीच शाळा वाढत वाढत १९६०च्या दशकात चार वर्षांचं कॉलेज झाली आणि १९९२ मध्ये राज्याने तिला 'पब्लिक ऑनर्स कॉलेज' (म्हणजे अभ्यासात पुढे असलेल्या मुलांसाठीचं सरकारी कॉलेज) असा दर्जा दिला. तेव्हा सासूबाईंना सांगा, सिस्टर वगैरे कुणी नाही, कॉलेज सरकारी आहे.

आता तुमच्या यजमानांकडे येते. त्यांना मी दोष देणार नाही. दहावीचा निकाल हातात घेऊन ज्यांनी अकरावीच्या प्रवेशाच्या रांगा लावल्या, त्या सगळ्यांच्या कानात 'आर्ट्स' हा शब्द एकाच सुरात वाजतो. सायन्सला नाव लागलं नाही तर कॉमर्स, कॉमर्सला लागलं नाही तर आर्ट्स. आणि मुलगी असेल तर 'लग्न ठरेपर्यंत काहीतरी'. हा सूर घेऊनच आपण विमानात बसलो आणि इथे उतरलो.

लिबरल आर्ट्समधलं आर्ट्स ते नव्हे. जुन्या युरोपात या सात विद्या मोजायचे: व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल. म्हणजे सातांतल्या तीन सरळ सरळ सायन्स साइडच्या. सेंट मेरीजला फिजिक्स आहे, केमिस्ट्री आहे, गणित, कॉम्प्युटर सायन्स, न्यूरोसायन्स, मरीन सायन्स आहे. लिबरल आर्ट्स म्हणजे एवढंच, की बायॉलॉजीवाल्या मुलीलाही तिथे इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान यांतून जावं लागतं आणि इतिहासवालीला प्रयोगशाळेतून सुटका नाही. पुण्यात फ्लेम आणि सिम्बायोसिस याच शिक्षणासाठी वर्षाला लाखांनी फी घेतात, आणि तिथे कुणाची मुलगी गेली की हेच नातेवाईक कौतुकाने सांगत सुटतात. शब्द तोच, फीचा आकडा फुगला की कान बदलतात.

पण यजमानांचं एक म्हणणं बरोबर असू शकतं आणि ते आधी तपासून घ्या. तुमच्या लेकीच्या मनात इंजिनिअरिंग असेल, अगदी दहा टक्केसुद्धा, तर हे पान इथेच मिटवा आणि कॉलेज पार्कला हो कळवून टाका. सेंट मेरीजला इंजिनिअरिंगची पदवी नाही. ज्या घरात माणूस इंजिनिअरिंगच्या एका शिडीवर चढून सांगली-सोलापुराहून मेरीलँडपर्यंत आला (तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला असंच वाटलं, चुकत असेन तर सांगा), त्या घरात ती शिडी सोडून दुसरीकडे पाय ठेवताना भीती वाटणारच. त्यांना हसू नका. मुलीला मात्र स्वच्छ विचारा, त्यांच्यासमोर.

ती बायॉलॉजी आणि इतिहास असंच म्हणत असेल तर पुढे वाचा.

माझी भाची या कॉलेजात शिकली. बहिणीने पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा मीही 'अच्छा, अच्छा' म्हटलं होतं, हे कबूल करून टाकते. शेवटच्या वर्षी तिथे 'सेंट मेरीज प्रोजेक्ट' नावाचा प्रकार असतो. मूल एक विषय घेतं, एका प्राध्यापकाच्या हाताखाली वर्षभर त्यावर काम करतं आणि शेवटी सगळ्यांसमोर उभं राहून मांडतं. भाचीचा विषय होता कालवं. हो, आपल्या कोकणातल्या खडकांवरची असतात त्यांचीच चुलत भावंडं. मेरीलँडचा चेसापीक उपसागर एके काळी कालवांनी खच्चून भरलेला होता. आता पूर्वीच्या मानाने शंभरात एक-दोन उरली असतील. एक पूर्ण वाढलेलं कालव दिवसाला दोनशे लिटरच्या आसपास पाणी गाळू शकतं, म्हणजे कालवं संपली की उपसागराची गाळणीच गेली. कॉलेजला लागूनच जुन्या राजधानीचं उत्खनन चालू असतं. तिथल्या सतराव्या शतकातल्या उकिरड्यांत लोकांनी खाऊन टाकलेल्या कालवांचे शिंपले ढिगाने निघतात. भाचीने ते शिंपले आणि आजच्या नदीतले शिंपले घेऊन बसायचं ठरवलं. अर्धं काम प्रयोगशाळेत, अर्धं इतिहासाच्या कागदांत.

मांडणीच्या दिवशी खोलीत आम्ही मोजून अकरा माणसं होतो, त्यातले तिघे आम्ही घरचे. भाचीने झिपलॉकच्या पिशव्यांतून शिंपले काढून टेबलावर ओळीने ठेवले होते. वीस मिनिटं ती छान बोलली. मग मागे बसलेल्या, इतिहास शिकवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "हे शिंपले याच नदीतले कशावरून? कुणी होडीतून दुसरीकडून आणून विकले नसतील कशावरून?"

भाची गप्प. मला घाम फुटला. तिच्या बायॉलॉजीच्या सरांकडे बघितलं, ते मदतीला येतील म्हणून. ते आपले खिडकीबाहेर बघत होते, मुद्दामच. बराच वेळ गेला. मग तिने एक शिंपला उचलून उलटा केला आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. पाठीवर बारीक बारीक भोकं होती. म्हणाली, ही भोकं एक प्रकारचा स्पंज पाडतो. पाणी कमी खारट असेल तर एक जात, जास्त खारट असेल तर दुसरी, आणि भोकांच्या आकारावरून जात कळते. "म्हणजे पाणी किती खारट होतं ते मी सांगू शकते. नदी कुठली ते नाही सांगू शकत. तेवढं वाक्य मी खोडते." आणि तिने खरोखर समोरच्या कागदावरचं ते वाक्य पेनाने खोडलं.

बाईंनी मान हलवली आणि चहा प्यायला चला म्हणाल्या.

माझा मुलगा त्याच्या आधी तीन वर्षं एका मोठ्या सरकारी विद्यापीठातून बाहेर पडला होता. पहिल्या वर्षीचं केमिस्ट्री चारशे मुलांच्या हॉलमध्ये. शेवटच्या वर्षापर्यंत त्याच्या सल्लागाराला त्याचं नाव नीट म्हणता येत नव्हतं. दोन शिफारसपत्रं मिळवायला त्याला नाकी नऊ आले, कारण त्याला ओळखणारा प्राध्यापकच नव्हता, ओळखत होते ते लॅब घेणारे पीएचडीचे विद्यार्थी. पण खरं सांगायचं तर तो सुखात होता. त्याला कुणी ओळखावं असं वाटतच नव्हतं. वर्गाला दांडी मारून रात्री अभ्यास करणारा मुलगा तो, आणि आज छान नोकरी करतोय. त्याला सेंट मेरीजला घातलं असतं तर दुसऱ्या आठवड्यात सरांनी "काल दिसला नाहीस?" म्हणून विचारलं असतं आणि तो बॅग भरून घरी आला असता.

कॉलेज पार्कला पदवीचे विद्यार्थीच तीस हजारांच्या घरात आहेत, सेंट मेरीजला सगळे मिळून सोळाशेच्या आसपास. शिक्षक होण्यासाठीचा एक छोटा अभ्यासक्रम सोडला तर पदवीच्या पुढचं शिक्षण तिथे नाहीच. म्हणून शिकवायला प्राध्यापकच उभे राहतात, आणि प्राध्यापकाला संशोधनात हात हवे असतील तर ते पदवीच्या मुलांचेच मिळतात. आपल्या लोकांना डॉक्टरकीचं फार असतं म्हणून सांगते. मेडिकलला जायचं असलं तरी 'प्री-मेड' हा काही विषय नव्हे. बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्सचे ठरलेले कोर्स लागतात, ते तिथेही होतात, आणि शिफारसपत्र लिहिणाऱ्याने मुलीला काचेची नळी फोडताना आणि पुन्हा प्रयोग मांडताना बघितलेलं असतं. पण हे सगळं त्याच मुलीच्या कामाचं, जिला कुणी बघितलेलं चालतं. लहान कॉलेजात लपता येत नाही. तुमची लेक वर्गात हात वर करते की बाकाखाली फोन धरते, हे तिच्या शाळेतल्या शिक्षकांना विचारा. माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळेल.

मधली एक वाटही आहे. कॉलेज पार्कला ऑनर्स कॉलेज आहे, 'कॉलेज पार्क स्कॉलर्स' म्हणून योजना आहे. त्यात पहिली दोन वर्षं एका विषयाची मुलं एकत्र राहतात, एकत्र शिकतात. मुलीच्या प्रवेशपत्रात यातलं काही लिहिलं असेल तर मोठ्या विद्यापीठातही तिला एक छोटं गाव मिळेल. पत्र पुन्हा वाचा. उत्साहाच्या भरात लोक पहिली ओळ वाचतात आणि बाकीचं ड्रॉवरमध्ये जातं.

छोट्या कॉलेजच्या खोडी पण ऐका, नाहीतर म्हणाल, ताईंनी भाचीच्या प्रेमात वकिली केली.

प्राध्यापक मोजके, म्हणून एखादा कोर्स दोन वर्षांतून एकदाच लागतो. तो हुकला की हुकला. एखाद्या विषयाला एकच शिक्षक असतो आणि त्याच्याशी पटलं नाही तर पळायला दुसरीकडे जागा नसते. कुणाचं कुणाशी जमलं, कुणाचं मोडलं, हे जेवणाच्या हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक. मोठ्या कंपन्या तिथे झुंडीने मुलं निवडायला येत नाहीत. जवळच पॅटक्सेंट रिव्हरचा नौदलाचा विमानतळ आहे आणि त्याच्या आजूबाजूला विज्ञानाची कामं बरीच मिळतात, पण त्यातल्या पुष्कळ कामांना अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, तेव्हा मुलीचे कागद काय आहेत ते बघा. मेट्रो नाही. गाडी नसलेल्या मुलाची शनिवारी पंचाईत होते. इंडियन ग्रोसरीसाठी तास-दीड तास, आणि आपली मुलं थोडकीच. गणपतीत मोदक हवे असतील तर पहिल्या वर्षी तुम्हालाच न्यावे लागतील. दुसऱ्या वर्षी ती स्वतः करून मैत्रिणींना खिलवते, असं भाचीच्या बाबतीत झालं. तिच्या कळ्या मात्र अजून पडत नाहीत.

आता जरा मोठी गोष्ट. कॉलेज सरकारी आहे याचा अर्थ फी आवाक्यात आहे, आणि त्याचाच दुसरा अर्थ असा की त्याची नाडी राज्याच्या हातात आहे. अशा छोट्या सरकारी लिबरल आर्ट्स कॉलेजांची १९८७ पासूनची एक संघटना आहे. मिनेसोटातलं मॉरिस, न्यूयॉर्क राज्यातलं जेनेसिओ, वॉशिंग्टन राज्यातलं एव्हरग्रीन, अशी तीसेक मंडळी त्यात आहेत. त्यांच्यातल्या काहींची गेली काही वर्षं बरी गेली नाहीत. फ्लोरिडात न्यू कॉलेज म्हणून असंच एक होतं, मुलांना गुणांऐवजी सविस्तर शेरे देणारं. २०२३च्या जानेवारीत तिथल्या गव्हर्नरने विश्वस्त मंडळावर आपली सहा माणसं नेमली, आणि वर्ष संपायच्या आत अध्यक्ष बदलला, जेंडर स्टडीज बंद करायचं ठरलं, प्राध्यापक मोठ्या संख्येने सोडून गेले. जे मूल आदल्या वर्षी एका कॉलेजात शिरलं होतं ते दुसऱ्याच कॉलेजातून बाहेर पडलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशविलच्या सरकारी विद्यापीठाला २०२४ मध्ये पैशांची तूट आली आणि तत्त्वज्ञान, नाटक यांसारखे विभाग बंद करायचं ठरलं. हजारभर मुलांच्या कॉलेजात शंभर मुलं कमी आली तरी ताळेबंद हलतो, मोठ्या विद्यापीठाला ती कमी झालेली कळतही नाहीत.

सेंट मेरीजलाही हे नवीन नाही. २०१३ साली पहिल्या वर्षाला अपेक्षेपेक्षा बरीच कमी मुलं आली तेव्हा तिथेही ओढाताण झाली होती. आणि त्याआधी, २०११च्या हिवाळ्याच्या तोंडावर, दोन वसतिगृहांत बुरशी निघाली तेव्हा त्यांनी काय केलं माहितीये? एक क्रूझ जहाज भाड्याने आणून नदीत उभं केलं आणि दोनशेहून जास्त मुलांना सेमिस्टर संपेपर्यंत त्यात ठेवलं. तुमच्या यजमानांना यात ढिसाळपणा दिसेल, तुमच्या लेकीला मजा. दोन्ही खरंच आहे.

म्हणून तिथे गेल्यावर टूर देणाऱ्या मुलीला जेवण कसं असतं ते विचारण्यात वेळ घालवू नका. बायॉलॉजी विभागात जा. गेल्या तीन वर्षांत किती प्राध्यापक सोडून गेले आणि त्यांच्या जागा भरल्या का, हे विचारा. कुणी लवकरच निवृत्त होणार आहे का? यंदा पहिल्या वर्षाला किती मुलं येणार, गेल्या वर्षी किती होती? उत्तर देणारा घुटमळला तर तेही उत्तरच. आणि प्रवेश मिळालेल्या मुलांसाठी जो सोहळा ठेवतात, फुगे आणि फुकट टी-शर्टवाला, त्या दिवशी जाऊ नका. साध्या मंगळवारी किंवा बुधवारी जा, आधी फोन करून लेकीला एका वर्गात बसायची परवानगी घ्या. तुम्ही बाहेर थांबा. ती वर्गातून आल्यावर "कसं वाटलं?" असं विचारू नका, "काय शिकवत होते?" विचारा. गाडीत बसून अर्धा तास ती त्यावरच बोलत राहिली तर तुम्हाला उत्तर मिळालं.

पैशांचं थोडक्यात. मेरीलँडच्या मुलांना तिथली ट्यूशन आणि फी वर्षाला १५,००० डॉलरच्या आसपास पडते. कॉलेज पार्कची त्याहून काही हजारांनी कमीच आहे. दोन्हीकडे राहण्या-जेवणाचा तेवढाच खर्च वर. खासगी छोट्या कॉलेजांत हेच सगळं मिळून ८०,००० च्या पुढे जातं, तेव्हा 'एवढी फी कशाला' म्हणण्याआधी कशाशी तुलना करतोय ते ठरवा. दोन्ही कॉलेजांची मदतीची पत्रं शेजारी शेजारी ठेवा आणि पेन्सिलीने एक काम करा: 'लोन' हा शब्द जिथे दिसेल ती रक्कम खोडा. कॉलेजं कर्जालाही 'अवॉर्ड' म्हणतात. पहिल्या वर्षी मुलीच्या नावावर सरकारी कर्ज ५,५०० डॉलरपर्यंत मिळतं, त्याला बक्षीस समजू नका, ते फेडायचं असतं. जी स्कॉलरशिप दिलीय ती चारही वर्षं चालू राहणार का, आणि त्यासाठी गुणांची अट काय, हे लेखी मागा. बायॉलॉजीचं पहिलं वर्ष भल्याभल्यांचे गुण खाली आणतं.

आणि आता तो 'गमतीत'.

तुमच्या पत्रात मी त्या शब्दाशी थांबले. बी.ए. केलंय म्हणून तुम्हाला बोलायला तोंड नाही. अहो, ज्या प्रश्नावर घर अडून बसलंय तो प्रश्नच असा आहे, की विषयाच्या प्रेमापोटी शिकणं म्हणजे काय, आणि त्याचं पुढे काय होतं. तुमच्या घरात ते करून बघितलेलं एकच माणूस आहे, आणि नेमकं तेच माणूस गप्प बसवलं गेलंय. मी तुम्हाला ओळखत नाही, पण पत्र वाचलंय. नवऱ्याचं, सासूचं, मंडळातल्या समोरच्या माणसाचं, प्रत्येकाचं बोलणं तुम्ही दोन ओळींत असं उभं केलंत की मला ते सगळे तुमच्या बैठकीच्या खोलीत बसलेले दिसले. 'अच्छा, अच्छा म्हणतो आणि विषय बदलतो' हे वाक्य कुणी कोडिंगच्या क्लासात शिकवत नाही.

यजमानांशी भांडू नका, त्याने काही होणार नाही. लेकीला एक संध्याकाळ घेऊन बसा आणि तुमच्या बी.ए.च्या वर्गाबद्दल सांगा. कोण शिकवायचं, काय वाचलं, कुठला पेपर फसला, लग्नानंतर ते सगळं कुठे गेलं. वाईट वाटलेलंही सांगा, नुसतं गोड नको. तिला त्या कॉलेजात कविता शिकवणाऱ्या लुसिल क्लिफ्टन नावाच्या बाईंबद्दल वाचायला सांगा. मेरीलँडच्या राजकवी होत्या, बरीच वर्षं तिथे शिकवायच्या. बायॉलॉजीवाल्या मुलीही त्यांच्या वर्गात बसत असणार, कारण अशा कॉलेजात ते चालतं. तुम्हीही वाचा. सोपी इंग्रजी आहे, आणि घरकाम, बाईचं शरीर, आई या विषयांवर त्या जे लिहून गेल्यात ते वाचून तुम्हाला आपल्याकडच्या ओव्या आठवतील. मला आठवल्या.

यजमान त्या संध्याकाळी शेजारच्या खोलीत असतील तर दार उघडं राहू द्या.

माझं मत विचारलंत म्हणून: स्कॉलरशिप धरून दोन्हीकडचा खर्च जवळपास सारखा पडत असेल, विभागातून बरी उत्तरं मिळाली आणि लेक वर्गातून बोलत बाहेर आली, तर सेंट मेरीजला पाठवा. कर्ज काढून मात्र नको. खर्चातला फरक वर्षाला पाच-सात हजारांवर जात असेल तर कॉलेज पार्क घ्या. तिथे तिला आपलं छोटं गाव शोधायला मदत करा, आणि मनात काही ठेवू नका.

सासूबाईंना जरूर न्या. बेल्टवेने (वॉशिंग्टनभोवतीच्या रिंग रोडने) दगा दिला नाही तर दोन-सव्वादोन तासांत पोहोचाल. वॉल्डॉर्फच्या पुढे रूट ५ वर आमिश लोकांच्या (मोटारी न वापरणारा हा एक ख्रिस्ती पंथ) घोडागाड्या रस्त्याच्या कडेने जातात, तिथे गाडी हळू घ्या, त्यांना बघायला आवडेल. कॉलेजात त्यांना फार चालवू नका. सगळे विभागांत फिरत असाल तेव्हा त्यांना नदीकाठच्या बाकावर बसवा आणि पाण्यात कालवं आहेत हे सांगून ठेवा. देवगडच्या बाईला तेवढं पुरेल. वारा बराच असतो, शाल घ्या.